बोगनवेल: पाणी कधी द्यायचं, कधी तोडायचं?

मृद्गंधा
बागेच्या गप्पांत एक तक्रार वारंवार येते. बोगनवेल लावली, झपाट्याने वाढली, पानं हिरवीगार आहेत, पण फुलांचा पत्ता नाही. थोडं विचारलं की पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "पाणी मात्र रोज न चुकता घालतो हो." म्हणून या झुडपासाठी वेगळा धागा काढते आहे. ज्यांनी ही वाढवली आहे त्यांनी अनुभव लिहा, ज्यांना लावायची आहे त्यांनी मोकळेपणाने विचारा.

बोगनवेल कमी पाण्यावर जगते हे सगळ्यांना माहीत असतं. ती फुलायलाही कमी पाणीच लागतं, हे मात्र फारसं कुणी मनावर घेत नाही. मुळांशी माती सतत ओली राहिली तर झाडाला नुसतं वाढत राहायला काहीच अडचण नसते. मग लांबलचक धुमारे, मोठी मऊ पानं आणि टणक काटे एवढंच मिळतं. माती नीट वाळू दिली की शेंड्यांची धाव थांबते आणि फुलोरा धरतो. फळबागेत बहार धरण्यासाठी पाणी तोडून ताण देतात ना, तसंच हे.

यामागचं कारण मला फार सुंदर वाटतं. पानाच्या बेचक्यात जिथे काटा येतो, तिथेच फुलोराही येतो. काटा काय किंवा फुलोऱ्याचा दांडा काय, मुळात एकाच जागचा डोळा, म्हणजे कोंब. झाडात जिबरेलिन हे वाढीचं संजीवक जोरात असलं की त्या डोळ्याचा काटा होतो आणि त्याचा जोर ओसरला की फुलोरा होतो. भरपूर पाणी, भरपूर नत्र (नायट्रोजन) आणि सावली यांनी झाड वाढीच्या बाजूला झुकतं. कडक ऊन, कोरडी माती आणि लहान दिवस यांनी ते फुलांच्या बाजूला येतं. पाऊस संपून दिवस आखूड व्हायला लागले की बोगनवेली एकदम पेटल्यासारख्या दिसतात, त्याचं कारण हेच.

आणखी एक गोष्ट नव्या मंडळींसाठी. आपण ज्याला बोगनवेलीचं फूल म्हणतो तो रंगीत भाग म्हणजे सहपत्रं, म्हणजे रंग घेतलेली पानंच. तीन सहपत्रांच्या आत तीन बारीक, पांढरट नळीसारखी दिसतात ती खरी फुलं. एकेक फूल एकेका सहपत्राच्या मधल्या शिरेला चिकटलेलं असतं. पान असल्यामुळेच हा रंग कित्येक आठवडे टिकतो. पाकळी असती तर चार दिवसांत गळाली असती. आणि हा रंग जास्वंदीच्या किंवा गुलाबाच्या जातीचा नाही, बीटाच्या जातीचा आहे. बीटालेन नावाची ही रंगद्रव्यं वनस्पतींच्या थोड्याच कुळांत सापडतात. बोगनवेल आणि गुलबक्षी एकाच कुळातल्या, त्यामुळे गुलबक्षीच्या रंगातही हीच द्रव्यं असतात.

उन्हाबद्दल तडजोड करू नका. रोज किमान 6 तास थेट ऊन हवं, जास्त असेल तर उत्तमच. जिथे दुपारपर्यंत सावली असते तिथे ही लावून पाणी-खतात कितीही फेरफार केले तरी मनासारखी फुलत नाही. अशा जागेला दुसरं झाड शोधावं.

नवा_माळी
मृद्गंधाताई, धागा अगदी वेळेवर आला. माझ्याकडे गच्चीवर मोठ्या कुंडीत बोगनवेल आहे. ऊन दिवसभर मिळतं. वाढ जोरदार, फांद्या कठड्याच्या बाहेर गेल्या आहेत, फुलं मात्र टोकाला चारदोनच. "ताण द्या" असं सगळे सांगतात, पण म्हणजे नक्की काय करायचं? पाणी पूर्ण बंद? किती दिवस? झाड मरेल अशी धास्ती वाटते.

रानवाट
मृद्गंधाताईंच्या सगळ्या मुद्द्यांना दुजोरा. फक्त एक इशारा आधीच देतो, कारण "कमी पाण्यावर जगतं" एवढंच ऐकून लोक नवं रोप वाळवून टाकतात. दुष्काळ सोसायची ताकद मुळांतून येते. नव्या रोपाला तेवढी मुळंच नसतात. जमिनीत लावल्यावर पहिलं वर्षभर नियमित पाणी द्यायचं, पण द्यायचं ते खोलवर मुरेल असं, आणि पुढचं पाणी वरचा थर वाळल्यावर. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं वरच्या दोन बोटांतच घुटमळतात आणि असं झाड पुढे कायम पाण्यासाठी परावलंबी राहतं. दुसऱ्या वर्षापासून हळूहळू पाण्यातलं अंतर वाढवायचं. मुळं खोल गेली की जमिनीतल्या झाडाला पावसाशिवाय वेगळं पाणी क्वचितच लागतं. फार कडक उन्हाळ्यात अधूनमधून एखादं भरपूर पाणी पुरतं.

ताणाचा प्रयोग झाड रुळल्यावरच करायचा. कोवळ्या रोपावर नाही.

मृद्गंधा
रानवाटदादा, हे लिहिलंत ते बरं झालं, माझ्या पोस्टमध्ये यायला हवंच होतं.

नवा_माळी, दिवस मोजून ताण देता येत नाही. कुंडी केवढी, माती कशी, वारा किती, यावर ते ठरतं. त्यामुळे दिनदर्शिकेकडे न बघता पानांकडे बघायचं. आधी पाणी थांबवा. काही दिवसांनी कोवळे शेंडे दुपारी मान टाकायला लागतील. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ते आपोआप सावरत असतील तर अजून थांबा. संध्याकाळीही पानं मलूल राहिली, हाताला निस्तेज आणि पातळ लागली, की पाणी द्या. पण कुंडी तुडुंब भरून नको, माती जेमतेम ओलसर होईल इतकंच. मग पुन्हा थांबा. असं काही आठवडे चालवलं की शेंड्यांकडच्या बेचक्यांत बारीक रंगीत टोकं दिसायला लागतात. काही पानं पिवळी होऊन गळतील, त्याने घाबरू नका. फांदी नखाने जरा खरवडून पाहा, आत हिरवं असेल तर झाड ठणठणीत आहे.

यातला सगळ्यात नाजूक टप्पा पुढचा आहे आणि नेमका तोच लोक विसरतात. कळ्या दिसल्या की ताण तोडायचा. म्हणजे पुन्हा व्यवस्थित पाणी सुरू करायचं, माती वरून वाळली की कुंडीच्या तळातून निघेपर्यंत. फुलोरा आल्यावरही कोरडं ठेवलं तर सहपत्रं लहान राहतात आणि लवकर गळतात. आणि एकदम कोरड्यावरून एकदम चिखल असंही करायचं नाही, त्या धक्क्यानेही फुलं झडतात.

तुमच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. कुंडी मोठी आहे म्हणता. झाडाच्या मानाने फारच मोठी तर नाही ना? आणि खत कोणतं देता?

नवा_माळी
कुंडी खरंच मोठी आहे, म्हटलं मोकळं वाढू दे. खत म्हणून दर पंधरवड्याला शेणखत आणि मधूनमधून थोडा युरिया.

कुंडीवाला
मग उत्तर तुमच्या प्रतिसादातच आहे. युरिया आजपासून बंद. युरिया म्हणजे निव्वळ नत्र, त्याने पानं आणि धुमारेच येणार. बोगनवेलीला खत लागतं, कुंडीतल्या झाडाला तर लागतंच, कारण पाण्याबरोबर अन्नद्रव्यं वाहून जातात. पण त्यात पालाश (पोटॅश) चांगलं हवं, नत्र बेताचं हवं आणि सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यं हवीत. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने द्यावं. ताण चालू असताना खत अजिबात द्यायचं नाही. कोरड्या मातीत खत टाकलं तर मुळं भाजतात.

कुंडीबद्दल माझं मत ठाम आहे. बोगनवेलीला मुळांची दाटी मानवते. मुळांनी कुंडी भरली की पाणी लवकर संपतं आणि ताण आपोआप बसत राहतो. मोठ्या कुंडीत मुळं पोचलेली नसतात तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते. म्हणून मी एका वेळी एकच माप मोठी कुंडी घेतो, तेही तळाच्या छिद्रांतून मुळं बाहेर यायला लागल्यावर. मातीची, न रंगवलेली कुंडी सगळ्यात चांगली, कारण तिच्या अंगातूनही ओल उडून जाते. आणि कुंडीखाली पाणी साठणारी ताटली ठेवू नका.

माती भरताना साधारण दोन भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), एक भाग चांगलं कुजलेलं खत. तुमची माती चिकण असेल तर वाळूचं प्रमाण वाढवा. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली रोपं मिळतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आतून ओलं असतं. बोट दोन पेरं आत घालून पाहिल्याशिवाय पाणी घालू नये.

आणि कुंडी बदलताना मुळांना जपा! बोगनवेलीची मुळं बारीक आणि ठिसूळ असतात, ती मातीचा गोळा इतर झुडपांसारखा घट्ट धरून ठेवत नाहीत. खोडाला धरून ओढलं की गोळा फुटतो, बारीक मुळं तुटतात आणि झाड कित्येक दिवस सुकून बसतं. नव्या रोपाची पिशवी खालून कापायची, पिशवीसकट खड्ड्यात किंवा कुंडीत ठेवायची, चारी बाजूंनी माती भरत आणायची आणि मग बाजूने चीर देऊन पिशवी वर ओढून काढायची. मुळं मोकळी करणं, झटकणं, धुणं यातलं काहीही करायचं नाही.

पर्णिका
माझा प्रश्न वेगळा आहे. झाड फुलतं, पण नवी पानं पिवळी येतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. एकांनी एप्सम सॉल्ट घालायला सांगितलं, ते घातलं, फरक शून्य. पाणी कमी पडतंय का?

रानवाट
पर्णिकाताई, पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे ते आधी बघायचं. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. तुमची नवी पानं पिवळी आहेत, म्हणजे बहुधा लोह कमी पडतंय. लोह झाडात असं हलवता येत नाही, त्यामुळे त्याची उणीव कोवळ्या पानांवर उमटते.

बऱ्याचदा मातीत लोह असतं, पण झाडाला ते घेता येत नाही. बोगनवेलीला किंचित आम्लधर्मी माती आवडते, सामू (पीएच) 5.5 ते 6.5 च्या आसपास. सामू 7 च्या बराच वर गेला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. क्षारांचं जड पाणी सतत घातलं की कुंडीतली माती हळूहळू तिकडेच सरकते. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो का पाहा. दिसत असेल तर पावसाचं पाणी साठवून ते एकदोनदा भरपूर घाला, तळातून वाहून जाऊ द्या, म्हणजे क्षार धुतले जातील. सोबत चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या मात्रेत द्या. नवी येणारी पानं हिरवी येतात, आधीची पिवळी झालेली सगळीच सुधारतील असं नाही. हाडांचा चुरा वगैरे स्फुरद (फॉस्फरस) देणारी खतंही सध्या थांबवा, जास्तीच्या स्फुरदानेही लोह अडतं.

मुळं सतत ओली असली तरीही पानं पिवळी पडतात, पण ती सरसकट पिवळी होऊन गळतात, शिरांची जाळी अशी उठून दिसत नाही. तसं असेल तर खत देऊन काही होणार नाही, निचरा सुधारावा लागेल.

पर्णिका
पांढरा थर आहे! जाड आहे. धन्यवाद दादा, आता धुऊन काढते.

चाफेकळी
छाट कलमाबद्दल, म्हणजे फांदीची काडी लावून रोप करण्याबद्दल, कुणी लिहाल का? मी लावलेल्या काड्यांना छान पानं फुटतात, आनंद होतो आणि मग एक दिवस सगळं वाळून जातं. रंग फार सुंदर आहे, फिकट गुलाबी आणि पांढरा एकाच झाडावर, त्यामुळे तेच झाड वाढवायचं आहे.

मृद्गंधा
चाफेकळी, बोगनवेलीची काडी असंच करते. काडीत साठवलेलं अन्न असतं, त्याच्या जोरावर ती मुळं नसतानाही पानं काढते. साठा संपला आणि तोवर मुळं आली नसली की ती वाळते. त्यामुळे पानं फुटली म्हणजे काडी लागली असं धरायचं नाही, आणि पानं दिसली म्हणून उन्हात तर मुळीच हलवायची नाही.

काडी पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट पिकलेली किंवा पिकलेली घ्या. अगदी हिरवी कोवळी सडते. लांबी 15 ते 20 सेंटीमीटर. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या. पानं सगळी काढा किंवा वरची एकदोन अर्धी कापून ठेवा. खालचं टोक आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संजीवक) असलेल्या पावडरीत बुडवा. या झाडाला त्याचा खरंच उपयोग होतो, ही पायरी टाळू नका. माध्यमात खत नको, जाड वाळू आणि कोकोपीट समसमान पुरे. वरून पारदर्शक पिशवीचं झाकण घालून हवेत दमटपणा ठेवा आणि उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशी जागा द्या. हवा उबदार हवी, थंडीच्या दिवसांत लावलेल्या काड्या नुसत्या बसून राहतात. मुळं यायला साधारण 6 ते 10 आठवडे लागतात. मध्येच उपटून बघण्याचा मोह आवरायचा, कारण नवी मुळं हात लागताच तुटतात. पारदर्शक पेल्यात लावलं तर मुळं बाहेरून दिसतात, तेवढ्यासाठी मी तेच वापरते.

तुम्ही लिहिलेलं दोन रंगांचं झाड "मेरी पामर" या जातीचं असू शकेल. तिच्यात एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी अशी दोन्ही सहपत्रं येतात. काही जातींची काडी मुळातच हट्टी असते. दोनचार वेळा जमलं नाही तर गुटी कलम करा. चांगल्या जाड फांदीवरची साल अंगठीसारखी काढून तिथे ओलं मॉस बांधायचं आणि वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं. फांदी झाडावरच असल्यामुळे तिला वरपर्यंत पाणी मिळत राहतं, वाळण्याची भीती नाही. मुळं मॉसमध्ये भरलेली दिसली की खालून कापायची.

हिरवं_पान
शास्त्रीय चर्चा चालू आहे, त्यात थोडा इतिहास. हे झुडूप मूळचं दक्षिण अमेरिकेचं. फ्रेंच दर्यावर्दी लुई आंत्वान द बोगनव्हील याच्या पृथ्वीप्रदक्षिणेत फिलिबेर कोमेर्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. 1767 मध्ये जहाजं रिओ द जानेरोला थांबली तेव्हा या झुडपाचे नमुने गोळा केले गेले आणि मोहिमेच्या प्रमुखाचं नाव त्याला मिळालं.

मला यात जास्त महत्त्वाची वाटते ती ज्यान बारे. ती कोमेर्सनची मदतनीस, पण त्या काळी फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला परवानगी नव्हती, म्हणून पुरुषाच्या वेषात गेली. कोमेर्सनच्या पायाला दुखणं होतं, त्यामुळे किनाऱ्यावर उतरून डोंगर चढणं, नमुने गोळा करणं, वाहून आणणं यातलं पुष्कळ काम तिने केलं. रिओतले नमुने तिच्याच हातचे असावेत असं अनेक अभ्यासक मानतात. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली ती पहिली ज्ञात स्त्री. कोमेर्सनने गोळा केलेल्या कितीतरी वनस्पतींना त्याचं नाव लागलं, तिचं नाव एका वनस्पतीला मिळालं ते थेट 2012 मध्ये, वांगी-बटाट्याच्या कुळातल्या एका रानटी वेलीला. मला बोगनवेल दिसली की बोगनव्हीलच्या आधी ज्यान बारेच आठवते.

मृद्गंधा
हिरवं_पान, किती छान लिहिलंस. ज्यान बारेचं नाव या धाग्यात आलं याचा फार आनंद झाला.

कुंडीवाला
इतिहासावरून जातींबद्दल थोडं. बागेत दिसणाऱ्या बहुतेक बोगनवेली तीन मूळ प्रजाती आणि त्यांच्या संकरांतून आलेल्या आहेत: ग्लाब्रा, स्पेक्टाबिलिस आणि पेरुव्हियाना. रोप निवडताना एवढं बघितलं तरी पुष्कळ. ग्लाब्राची पानं गुळगुळीत, चकचकीत, काटे बारीक, आणि ती वर्षातून अनेकदा फुलते. कुंडीसाठी ती बरी. स्पेक्टाबिलिसची पानं मोठी आणि लवदार, काटे जाड आणि वळलेले, वाढ दांडगी, आणि ती मुख्यतः कोरडा काळ गेल्यावर एकदाच जोरात फुलते. तिला भिंत किंवा मोठा मांडवच हवा. ग्लाब्रा आणि पेरुव्हियाना यांच्या संकराची "मिसेस बट" ही जात 1910 मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना इथे सापडली. आजच्या लाल-किरमिजी जातींपैकी कितीतरी तिच्या वंशातल्या. आधार न देता ताठ झुडूप हवं असेल तर "टॉर्च ग्लो" बघा, फांद्या सरळ वर जातात आणि फुलं टोकाला गच्च येतात.

दुहेरी सहपत्रांच्या जाती दिसायला भरगच्च, पण त्यांची वाळलेली सहपत्रं आपोआप गळत नाहीत. झाडावरच तपकिरी होऊन लटकतात, हाताने कापावी लागतात. घेण्यापूर्वी हे माहीत असावं.

नवा_माळी
युरिया बंद केला आहे. आता छाटणी. काही जण म्हणतात अगदी बुडापासून छाटा, काही म्हणतात नुसते शेंडे खुडा. काय करू?

रानवाट
मी दणकून छाटणाऱ्यांपैकी. वर्षातून एकदा, मुख्य बहर संपल्यावर, फांद्या निम्म्यावर आणायच्या. फुलं नव्या फुटव्यावर येतात, जुन्या लाकडावर नाही. जुनं लाकूड राखून ठेवलं की झाड उघडं पडत जातं आणि फुलं फक्त लांब टोकांना राहतात. तुमच्याकडे आज तेच झालेलं दिसतंय.

मृद्गंधा
दादा, जमिनीतल्या जुन्या झाडाला हे चालतं, मलाही मान्य आहे. कुंडीतल्या झाडाला मात्र मी एवढं एकदम छाटत नाही. निम्मी छाटणी केली की झाड आधी जोरदार पानाळ फुटवा काढतं आणि पुढचा बहर लांबतो. मी प्रत्येक बहर ओसरला की फुलून गेलेल्या फांद्यांचा टोकाकडचा तिसरा हिस्सा काढते आणि नवे फुटवे वीतभर झाले की शेंडा खुडते. शेंडा खुडला की खालचे डोळे जागे होतात, एका टोकाच्या जागी दोनतीन टोकं मिळतात, आणि फुलं टोकांकडे येतात म्हणजे तेवढी फुलं वाढतात. खुडणं थांबवायचं ते ताण द्यायला सुरुवात करायच्या आधी. ताण बसत असताना शेंडे खुडले तर येऊ घातलेला फुलोराच आपण तोडतो.

बुंध्यापासून सरळ, जाड, रसरशीत धुमारे निघतात ते मात्र लगेच काढावेत. ते सगळं अन्न ओढतात आणि क्वचितच फुलतात.

रानवाट
कुंडीपुरतं तुमचं म्हणणं पटतं. भिंतीवरच्या झाडाला मी माझीच पद्धत ठेवतो, तिथे फांद्यांचं जुनं जाळं झालं की आतून उंदरांची आणि वाळक्या काटक्यांची अडचण होते.

छाटताना कातडी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. वाळलेला काटा ओल्यापेक्षा वाईट टोचतो. छाटलेल्या फांद्या वाटेवर क्षणभरही ठेवू नका.

सांजसावली
आमच्याकडे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो. तरी बोगनवेल ठेवता येईल का?

मृद्गंधा
कुंडीत ठेवता येईल. शून्याच्या खाली कोवळे शेंडे जळतात आणि कडक गोठणं लांबलं तर झाडच जातं. थंडी सुरू होण्याआधी कुंडी आत उजेडाच्या जागी घ्या. पानं गळतील, ते विश्रांतीचं लक्षण. त्या काळात पाणी अगदी नावापुरतं, खत अजिबात नाही. आत घेतल्यावर पूर्वीसारखंच पाणी घालत राहिलं की मुळं कुजतात, थंडीपेक्षा ओलीने जास्त झाडं जातात. जमिनीतल्या झाडाचे शेंडे जळलेच तर लगेच कापू नका, गोठण्याचे दिवस पूर्ण संपू द्या. जुन्या झाडाला खोडाजवळून पुन्हा फुटवे येतात.

पर्णिका
ताई, पानांच्या कडा कुणीतरी कुरतडल्यासारख्या आहेत, पण दिवसा एकही किडा सापडत नाही.

कुंडीवाला
रात्री विजेरी घेऊन बघा. बोगनवेलीवर एक बारीक अळी येते, हिरवी किंवा तपकिरी, पाठीची कमान करत चालणारी. दिवसा ती फांदीला चिकटून काडीसारखी निश्चल राहते, म्हणून दिसत नाही. रात्री पानं कडेकडून खाते. थोड्या असतील तर वेचून काढा. जास्त असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू असलेलं जैविक औषध संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, त्यामुळे अळ्या लहान असतानाच गुण येतो. रुळलेलं झाड पानं गेल्याने मरत नाही, पुन्हा फुटतं.

कोवळ्या शेंड्यांवर मावा किंवा बेचक्यांत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यातून, ऊन उतरल्यावर. अंगभर पाणी मारायची सवय एरवी नको. पानं वरचेवर भिजली की त्यांवर काळपट ठिपके पडतात.

चाफेकळी
कुंपणासाठी बोगनवेल की कण्हेर? दोन्हींना पाणी कमी लागतं. घरात रांगतं बाळ आणि कुत्रा आहे.

मृद्गंधा
मग कण्हेर नको. पानं, फुलं, फांद्या, सगळंच विषारी असतं, हृदयावर परिणाम करणारं, आणि थोडंसं पोटात गेलं तरी धोका असतो. बोगनवेलीचा त्रास काट्यांचा आहे. काही जणांना काटा टोचल्यावर किंवा चीक लागल्यावर कातडीवर पुरळ येतं, तेवढंच. पण रांगत्या बाळाच्या वाटेत काटेही नकोत, म्हणून कुंपण वावरायच्या जागेपासून दूर असेल तरच लावा. रोपांमध्ये मीटरभर अंतर ठेवा आणि फांद्या कोवळ्या असतानाच तारेला बांधत न्या. बोगनवेलीला वेलासारखे ताणे नसतात, ती काट्यांच्या आधाराने नुसती रेलते, बांधली नाही तर वाऱ्याने खाली येते. सुतळी सैल बांधा, खोड जाड होतं तशी ती रुतते. आडव्या बांधलेल्या फांदीवर उभ्या फांदीपेक्षा जास्त डोळे फुटतात, कुंपण भरायला त्याचा फायदा होतो.

सांजसावली
एक शेवटचं विचारते. घराच्या दुरुस्तीमुळे जमिनीतलं जुनं झाड हलवावं लागणार आहे. जगेल?

रानवाट
जोखीम आहे, मुळांचं कुंडीवालांनी लिहिलंच आहे. हलवायचंच असेल तर एकदम उपटू नका. गोठण्याचे दिवस संपले, हवा ऊबदार झाली की फांद्या निम्म्याहून जास्त छाटा आणि खोडाभोवती हातभर अंतरावर कुदळीने गोल चर घ्या. चर पुन्हा माती आणि कुजलेल्या खताने भरून महिना-दीड महिना तसंच राहू द्या, आत नवी बारीक मुळं धरतील. मग आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊन मातीचा मोठा गोळा काढा, गोणपाटात घट्ट गुंडाळा आणि गोणपाटासकट नव्या खड्ड्यात ठेवा. गोणपाट नैसर्गिक तागाचं असलं तर कुजून जाईल. प्लास्टिकचं असलं तर खड्ड्यात ठेवल्यावर कापून काढा. नव्या जागी तिला पुन्हा नव्या रोपासारखंच समजायचं, वर्षभर ताण नाही. पानं सगळी गळाली तरी साल खरवडून बघत राहा, हिरवी असेपर्यंत उपटू नका. आणि हलवण्याआधी दहाबारा काड्या लावून ठेवा, म्हणजे काही बिनसलं तरी रंग हातचा जाणार नाही.

सांजसावली
काड्या याच आठवड्यात लावते. मनापासून आभार दादा.